घराखालची चुंबळ



डोक्यावर भरलेला हंडा घेऊन ओढ्याची चढण चढणारी बाई तुम्ही आम्ही लहानपणापासून पाहत आलो आहोत. वाट खडबडीत, मध्येच धोंडे, एखादी पायरी उंच तर एखादी निसटती. पाय खालीवर होतात, कंबर हलते, पण हंड्यातले पाणी सांडत नाही. तिच्या मानेचा तोल आणि वर्षानुवर्षांची सवय यांचे श्रेय तर आहेच. पण डोके आणि हंडा यांच्यामध्ये आणखी एक वस्तू असते, तिच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही. ती म्हणजे जुन्या लुगड्याच्या फडक्याची चुंबळ. खालून आलेला हिसका थोडा आपल्या अंगात जिरवायचा आणि उरलेला थोडाच वर जाऊ द्यायचा, एवढेच तिचे काम.

अशी चुंबळ घराखाली घालता आली तर?

तुम्ही म्हणाल, हा शेतीखात्याचा माणूस, याने चारसूत्री भाताविषयी बोलावे, नागलीच्या वाणाविषयी बोलावे, आंब्यावरच्या तुडतुड्याविषयी सांगावे. घराच्या पायात हा कशाला शिरतो? तुमचे म्हणणे खरे आहे. दापोलीला शेतीची पदवी घेतली, विस्तार अधिकारी म्हणून नोकरीत केस पांढरे झाले, पण इमारतीच्या विद्येचा मला गंध नाही. तरीही आज लिहितो आहे, कारण आमच्या स्वतःच्या घरावरून मी एक धडा शिकलो आहे, आणि तो शिकण्याआधी एका घराला चुकीचा सल्लाही देऊन बसलो आहे. चुकलेल्या माणसाने आपली चूक चारचौघांत सांगावी, म्हणजे दुसऱ्याची तरी टळते.

आमचे गाव वरंध. महाडहून भोरकडे निघालेली एस.टी. घाट चढायला लागते, त्या घाटाच्या पायथ्याशी ते आहे. आमचे घर आजोबांनी बांधलेले. दगडी जोते, दगडमातीच्या भिंती, ऐन आणि किंजळाचे खांब, वर वासे, रिपा आणि कौले. पुढे ओटी, मध्ये माजघर, मागे पडवी. कोकणातल्या हजारो घरांसारखेच एक.

या घरात आई सून म्हणून आली ती १९६७ साली. त्याच वर्षीच्या ११ डिसेंबरची पहाट ती अजून विसरलेली नाही. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, तेव्हा तिच्या पोटात होता. चार वाजून गेले होते, उजाडायला अवकाश होता. ती सांगते की आधी गोठ्यातली गुरे बिथरली, दाव्यांना हिसके देऊ लागली. मग फळीवरची पितळी भांडी खणखणली, आणि सगळी कौले थंडीने दात वाजावेत तशी वाजू लागली. सासऱ्यांनी आरडाओरडा करून सगळ्यांना अंगणात काढले. डिसेंबरच्या गारठ्यात गाव उजाडेपर्यंत बाहेर बसले होते. फळीवरचा एक हंडा खाली पडला, तो नेमका तिच्या अंथरुणावर. त्या दिवसापासून आजतागायत आईने उंच फळीवर जड भांडे ठेवलेले नाही. आम्ही मुले हसायचो. आता हसत नाही.

तो कोयनेचा भूकंप. पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनी झालेल्या त्या धक्क्याने कोयनानगरची बहुतेक घरे पडली आणि सुमारे १८० माणसे दगावली. धरणाला तडे गेले, पण धरण उभे राहिले, आणि पुढे त्याची बळकटी करण्यात आली. तोपर्यंत दख्खनचे हे पठार म्हणजे अढळ खडक, येथे मोठा भूकंप व्हायचा नाही, अशी शहाण्यासुरत्यांचीही समजूत होती. कोयनेने ती मोडली. त्या भागात आजही लहान-लहान धक्के बसतच असतात. कोयनानगर आमच्यापासून सरळ रेषेत मोजले तर सत्तर-ऐंशी किलोमीटरच आहे. मध्ये डोंगर आहेत म्हणून ते लांब वाटते. जमिनीच्या पोटातून येणाऱ्या धक्क्याला डोंगराची आडकाठी नसते.

दुसरी आठवण माझी स्वतःची आहे.

१९९३ साली मी नुकताच पदवीधर होऊन नोकरीच्या शोधात होतो. ३० सप्टेंबरच्या पहाटे, चारला चार मिनिटे असताना, किल्लारीला भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून, दमून-भागून लोक गाढ झोपले होते. लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली गावेच्या गावे उताणी झाली. मृतांचा आकडा कुणी आठ हजारांच्या आसपास सांगतात, कुणी दहा हजारांच्या जवळ नेतात. तांदूळ आणि घोंगड्या घेऊन निघालेल्या एका ट्रकमधून आम्ही चार मित्र तिकडे गेलो. आठ दिवस दगड उचलले. त्याहून अधिक काही सांगावे असे मला वाटत नाही, आणि तुम्हीही ऐकू नये.

पण एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. तिथल्या भिंती दोन-अडीच फूट आणि कुठे कुठे त्याहूनही जाड होत्या. पाहणाऱ्याला वाटावे, किल्लाच आहे. पण ती जाड भिंत एक भिंत नव्हतीच. बाहेरून एक दगडी पदर, आतून दुसरा दगडी पदर, आणि मध्ये बारीक दगड व माती कोंबलेली. दोन पदरांना एकमेकांशी जोडणारा लांब दगड कुठेच नव्हता. हादरा बसताच दोन्ही पदर फुगून वेगळे झाले. वर मातीचे माळवद होते. एक म्हातारे शेतकरी आपल्या ढिगाऱ्याजवळ बसून म्हणाले, "बापानं माती घातली, मी घातली, दरसाल घातली. पाणी गळू नये, उन्हाळ्यात घर गार राहावं म्हणून घातली." फूट-दीड फूट मातीचे ते ओझे झोपलेल्या माणसांवर आले होते. आणि नवल असे की कित्येक घरांतली लाकडी खांब-तुळयांची चौकट ढिगाऱ्यात तशीच उभी होती. लाकडाने लाकूड धरून ठेवले होते, दगडाने दगड धरला नव्हता.

हे सगळे डोळ्यांनी पाहून मी परत आलो. नोकरी लागली, लग्न झाले, संसारात पडलो. आणि पाहिलेले विसरलो.

साधारण २००४ साली माझ्या चुलतभावाने विचारले, "भाऊ, मागच्या खोलीवर स्लॅब टाकू का? दर पावसाळ्याला कौलं चाळायचा कंटाळा आला. माकडं तर एक कौल जागेवर ठेवत नाहीत." खोलीच्या भिंती दगडमातीच्या, कॉलम नाही की बीम नाही. मी अधिकारी, घरात शिकलेला, माझ्या शब्दाला मान. मी म्हणालो, "टाक की. एकदाची कटकट जाईल." त्याने टाकला. गावात कौतुक झाले. पुढे तीन-चार जणांनी त्याचे पाहून तसेच केले.

आता २०२२ सालाकडे येऊ. वडील जाऊन तीन वर्षे झाली होती. मुंबईहून दादा आला. त्याचे म्हणणे असे, की जुने घर दुरुस्त करायचेच आहे तर पुढच्या भागाची कौले काढून, आहेत त्याच भिंतींवर स्लॅब टाकू. पुढेमागे वर एखादी खोलीही चढवता येईल. सुट्टीत पोरे-बाळे येतील तर झोपायला जागा होईल. त्याचा हेतू चांगला होता आणि पैसेही तोच घालणार होता. गवंडी म्हणाला, "काही होत नाही साहेब, दोन फुटी भिंत आहे." मी मान डोलावली.

आई चुलीपाशी बसली होती. तिने एवढेच विचारले, "तू किल्लारीला गेला होतास ना रे? तिथं कशाखालची माणसं काढलीस?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. त्याच संध्याकाळी मी चुलतभावाच्या मागच्या खोलीत गेलो. जाणे-येणे रोजचे, पण भिंतीकडे पाहण्यासाठी म्हणून कधी गेलो नव्हतो. कोपऱ्यात वरपासून खालपर्यंत बोट जाईल एवढी चीर. बाहेरच्या अंगाला भिंत गरोदर म्हशीच्या पोटासारखी फुगलेली. भूकंप झाला नव्हता, काही नाही, नुसत्या वजनाने आणि अठरा पावसाळ्यांच्या ओलीने हे झाले होते. त्या भिंतीला लागून त्याच्या नातवाचा पाळणा बांधलेला होता. चुलतभाऊ मला एका शब्दानेही बोलला नाही. तो बोलला असता तर बरे झाले असते.

त्या रात्री आम्ही पाळणा हलवला. दुसऱ्या दिवशी मी माझ्या ओळखीच्या एका इंजिनिअरला घेऊन आलो.

हा मनुष्य बोलका निघाला. त्याने आधी मला घर का पडते ते समजावले. एस.टी. झटक्यात सुटली की उभा उतारू मागे कोलमडतो. पाय गाडीबरोबर पुढे जातात आणि अंग जागीच राहू पाहते. घराचे तसेच होते. जमिनीबरोबर जोते सरकते आणि छप्पर आपले वजन घेऊन जागीच राहू पाहते. या दोघांच्या ओढाताणीत सापडते ती बिचारी भिंत. छप्पर जितके जड, तितकी ओढ मोठी. भिंत जितकी फुसक्या बांधणीची, तितकी ती लवकर फाटते. वरून येणारे वजन पेलणे हे भिंतीचे नेहमीचे काम, ते तिला जमते. आडवा हिसका तिच्या सवयीचा नसतो.

मी आईच्या डोक्यावरच्या चुंबळीची गोष्ट काढली आणि गमतीने विचारले, "मग घराखाली चुंबळच का घालत नाहीत?"

तो म्हणाला, "घालतात की!"

आणि त्याने जे सांगितले ते तुम्हीही ऐका. या पद्धतीला बेस आयसोलेशन म्हणतात. आपण त्याला पाया-विलगीकरण म्हणू. इमारत सरळ पायावर न ठेवता पाया आणि इमारत यांच्यामध्ये रबराच्या जाड गाद्या ठेवायच्या. गादी म्हणजे नुसते रबर नव्हे. रबराचा थर, त्यावर पोलादी पत्रा, पुन्हा रबर, पुन्हा पत्रा, अशी भाकरींच्या चळतीसारखी रचना असते आणि ते सगळे एकमेकांना पक्के चिकटवलेले असते. नुसते रबर ठेवले तर इमारतीच्या वजनाने ते बाजूंनी फुगून येईल. मधले पत्रे त्याला फुगू देत नाहीत. म्हणून ही गादी वरून दाबली तर दगडासारखी घट्ट आणि आडवी ढकलली तर मऊ अशी असते. काही गाद्यांच्या मधोमध शिशाची जाड कांडी बसवलेली असते. ही युक्ती न्यूझीलंडच्या बिल रॉबिन्सन या शास्त्रज्ञाने १९७० नंतरच्या दशकात काढली, आणि १९८१ च्या सुमारास त्या देशाच्या वेलिंग्टन शहरात एक सरकारी इमारत अशा गाद्यांवर उभी राहिली. शिशाचे काम दुहेरी आहे. एरवी वाऱ्याने इमारत हलू नये म्हणून ते तिला धरून ठेवते. मोठा हादरा आला की ते वाकते, तापते, आणि धक्क्यातला जोर खाऊन टाकते. ते नसते तर इमारत पाळण्यासारखी झुलतच राहिली असती.

यातले मर्म लयीत आहे. ठेंगणी, घट्ट इमारत एका सेकंदात दोन-चार वेळा थरथरते. कठीण जमिनीतून येणारा भूकंपही साधारण तशाच वेगाने थरथरतो. झोपाळ्याला बरोबर वेळेवर धक्का देत गेले की झोका वाढत जातो, तसे दोघांची लय जुळली की इमारतीचे हाल होतात. गाद्यांवर बसवलेली इमारत मात्र दोन-अडीच सेकंदांत एक, असे संथ झोके घेते. खाली जमीन चाळणीसारखी हलते आणि वर इमारत एकसंध, सावकाश सरकते. तिला सरकता यावे म्हणून चहूबाजूंनी वीत-दोन विती मोकळी जागा ठेवावी लागते, आणि पाण्याचे व मैल्याचे नळ लवचीक जोडांनी जोडावे लागतात.

ही नुसती पुस्तकातली गोष्ट नाही. १७ जानेवारी १९९४ ला अमेरिकेत लॉस एंजलिसला भूकंप झाला, तेव्हा तिथले एक आठ मजली रुग्णालय अशा गाद्यांवर होते. साध्या इमारतीत वरच्या मजल्यावर हादरा वाढत जातो. येथे जमिनीवर नोंदलेल्या हादऱ्याच्या निम्म्याहून कमी हादरा छतावर नोंदला गेला, आणि रुग्णालयाचे काम चालू राहिले. आणि आपल्या शेजारचीच गोष्ट. २६ जानेवारी २००१ च्या सकाळी कच्छात भूकंप झाला, तेव्हा भुजचे सरकारी रुग्णालयच कोसळले. ज्या दिवशी हजारो जखमींना डॉक्टरची गरज होती, त्याच दिवशी दवाखाना ढिगाऱ्यात होता. त्याच्या जागी २००४ साली जे नवे रुग्णालय सुरू झाले, ते या शिशाच्या कांडीच्या रबरी गाद्यांवर उभे केले आहे.

हे ऐकून माझ्यातला विस्तार अधिकारी जागा झाला. नवे वाण दिसले की ते गावात लावावे, ही आमची खोड. मी म्हणालो, "मग आमच्या घराखाली घालू या."

तो हसला. म्हणाला, "साहेब, तुमच्या घराला ती परवडणारही नाही आणि शोभणारही नाही." गाद्या ठेवायच्या तर त्यांच्या खाली एक भक्कम तळ हवा आणि वर सबंध इमारत एका ताटासारखी उचलून धरणारा दुसरा तळ हवा. दगडमातीच्या भिंतींना असा तळच नसतो. शिवाय घर हलके असले तर गादी नीट कामच करत नाही, तिला वर भरपूर वजन लागते. जमीनही पाहावी लागते. खोल गाळाची जमीन स्वतःच संथ झोके घेते, मग इमारतीची संथ लय तिच्याशीच जुळते. १९८५ च्या भूकंपात मेक्सिको शहराचा जो भाग जुन्या तळ्याच्या गाळावर वसलेला होता, तिथे जमीनच अशी संथ हेलकावत होती, आणि उंच इमारतींचे फार हाल झाले. म्हणून ही विद्या रुग्णालये, पूल आणि आपत्तीच्या दिवशी चालू राहिलेच पाहिजे अशा जागांसाठी. "तुमच्या घराला चुंबळ नको," तो म्हणाला, "तुमच्या घराला कंबरपट्टा हवा."

मग त्याने आमच्या घराची पाहणी केली. लाकडी खांब दगडी तळखड्यांवर नुसते टेकलेले पाहून तो थांबला. म्हणाला, "हे बघा, थोडीशी चुंबळ आजोबांनी ठेवलीच आहे. जमीन सरकली तर खांब दगडावर किंचित घसरू शकतो. पण त्याला धरायला काही नाही, जास्त घसरला तर खाली उतरेल." जुने ते सगळे सोने, असे म्हणण्याचा मोह मला झाला, तो त्याने मोडला. १९६७ साली आमचे घर टिकले ते घराच्या गुणाने थोडे, आणि कोयनेपासूनच्या अंतराने पुष्कळ. त्या दिवशी हेच घर कोयनानगरात असते तर त्याच्या दगडमातीच्या भिंती राहिल्या नसत्या.

आता आम्ही काय केले ते सांगतो. तुमच्या उपयोगाचे एवढेच आहे.

पहिली गोष्ट, छप्पर हलकेच ठेवले. लाकूड किडलेले होते ते बदलले, वासे आणि तुळया एकमेकांना आणि खांबांना लोखंडी पट्ट्यांनी बांधून घेतल्या. कौले तीच ठेवली.

दुसरी गोष्ट, फुगलेल्या भिंती उतरवून सिमेंटच्या मालात पुन्हा बांधल्या. जाडी दीड फुटावर आणली. जाड म्हणजे मजबूत ही समजूत सोडा. उंचीत दर दोन फुटांवर आणि लांबीत दर चार फुटांच्या आत, भिंतीच्या या तोंडापासून त्या तोंडापर्यंत जाणारा एकेक लांब दगड घातला. असा दगड मिळाला नाही तिथे सळई घालून काँक्रीटचा ठोकळा ओतला. दोन्ही पदर एकत्र राहतात ते या आरपार दगडांमुळे. कोपऱ्यांवर लांब दगड आलटून-पालटून दोन्ही भिंतींत शिरवले.

तिसरी गोष्ट, आणि ही सगळ्यांत महत्त्वाची. दारे-खिडक्यांच्या डोक्यावरून, सबंध घराला वेढा घालणारा काँक्रीटचा सलग पट्टा ओतला. जाडी किमान तीन इंच, आत दोन सळया आणि त्यांना जोडणाऱ्या रिंगा, आणि कोपऱ्यावर सळई न तोडता वाकवून पुढच्या भिंतीत नेलेली. दुसरा पट्टा भिंतीच्या माथ्यावर, छपराखाली. आपले गवंडी दारापुरते लेंटल टाकतात आणि थांबतात. पेंढीला आळा अर्धाच गुंडाळला तर ती बांधली जाईल का? पट्ट्याचेही तसेच आहे. तो चारी भिंती फिरून आपल्या ठिकाणी परत आला पाहिजे.

चौथी गोष्ट, कोपऱ्याला अगदी चिकटून असलेली एक खिडकी बुजवली. दार-खिडकी कोपऱ्यापासून दोन फूट तरी दूर असावी.

ही माझी अक्कल नव्हे. किल्लारीनंतर जी घरे नव्याने बांधली आणि जी जुनी घरे बळकट केली, त्यांत हीच तत्त्वे वापरली आहेत, आणि सरकारी मानकांतही ती आहेत. तुमच्या भिंतीला काय हवे ते जाणकार इंजिनिअरला दाखवूनच ठरवा, माझ्या लेखावरून नव्हे. स्लॅब वाईट असे माझे म्हणणे नाही. कॉलम-बीमची चौकट हिशेबाने उभी केली, सळई आणि सिमेंट बरोबर वापरले, पाणी भरपूर मारले, तर स्लॅबचे घर चांगले उभे राहते. जुन्या दगडमातीवर चढवलेला स्लॅब वाईट. नावाला कॉलम असलेली, हयगयीने बांधलेली इमारतही वाईटच. २४ ऑगस्ट २०२० ला आमच्या महाड शहरात पाच मजली इमारत कोसळून सोळा माणसे गेली, तेव्हा भूकंप नव्हता.

आणि जमीनच खालून निघून गेली तर पट्टाही कामाचा नाही आणि गादीही नाही. २२ जुलै २०२१ ला आमच्याच तालुक्यातल्या तळीयेवर दरड आली, ऐंशीहून अधिक माणसे गेली. तिथे घरांच्या बांधणीचा प्रश्नच नव्हता. म्हणून घर बांधण्याआधी डोंगराकडे पाहा. वरच्या अंगाला जमिनीला भेगा आहेत का, झरा नव्याने फुटला आहे का, झाडे कलली आहेत का. जागा धोक्याची असेल तर तिच्यावर पैसा घालू नका.

दादा रुसला. वरची खोली झाली नाही, पोरांना झोपायला जागा झाली नाही. गेल्या गणपतीला आला तेव्हा माळ्याकडे पाहून म्हणाला, "एवढा खर्च केला आणि घर दिसतंय तसंच." त्याचे म्हणणे खोटे नाही. भिंतीतला पट्टा गिलाव्याखाली गेला, तो कुणाला दिसत नाही. बी भिजवून, निवडून पेरले तरी वावर चार दिवस तसेच दिसते. आई मात्र त्या रात्री माजघरात निजली. कित्येक वर्षे ती दाराजवळ निजत असे.

चुलतभावाच्या खोलीत आता पेंढा ठेवतात. स्लॅबला टेकू लावले आहेत. यंदा भात झोडून झाल्यावर तो उतरवायचा आहे, आणि त्याच्या खर्चातला अर्धा वाटा माझा. ते मी त्याला सांगितले, तेव्हा तो नको म्हणाला. मी ऐकणार नाही. माझ्या एका शब्दावर त्याने ते ओझे डोक्यावर घेतले होते.

तेव्हा वाचकहो, दोन गोष्टी करा. आज रात्री दिवा घेऊन आपल्या घराला बाहेरून एक फेरी मारा. भिंत फुगली आहे का, कोपरा फाटला आहे का ते पाहा, आणि उशाशी कुठल्या फळीवर काय जड ठेवले आहे तेही पाहा. दुसरे, तुमच्या तालुक्याला नव्या दवाखान्याची इमारत मंजूर होईल, तेव्हा सभेत उठून एक प्रश्न विचारा. घरे पडतील त्या दिवशी हा दवाखाना उभा राहील ना, आणि त्याखाली चुंबळ घालण्याचा विचार कुणी केला आहे का? लोक हसतील. हसू द्या. आईलाही आम्ही हसत होतो.